उधव्याचा खुबा, आगरचा जबडा

मी एक जुना खुब्याचा गोळा आहे. मित्रांनो, माणूस दोन पायांवर ताठ उभा राहिला आणि बाकीच्या प्राण्यांहून वेगळा झाला, असे तुमच्या पुस्तकात लिहिलेले असते. हे ज्याच्या जोरावर घडले तो मी. मांडीच्या हाडाचे वरचे टोक, वाटीत ठेवलेल्या लिंबासारखे गोल. माणसाचा सगळा डोलारा माझ्यावर तोललेला असतो. मानवजातीला उभे करणारा असा मी, सध्या डहाणूजवळच्या आगर गावातल्या एका बागायतदाराच्या खालच्या डाव्या दाढेच्या खड्ड्यात अर्धा चमचा चुरा होऊन पडलो आहे.

हे कसे झाले ते सांगतो. तुम्ही घाबरू नका. ज्यांना घाबरायचे होते ते घाबरून झाले आहेत.

माझा जन्म तलासरी तालुक्यात, उधव्याच्या एका पाड्यावर झाला. माझ्या मालकिणीचे नाव भिकी. लहानपणी मी मऊ होतो आणि भिकी झाडावर चढायची, त्यामुळे आमचे जमले. पुढे भाताची लावणी आली. वाकलेल्या बाईचे वजन उभ्या बाईपेक्षा जास्त असते, हे मला पहिल्याच पावसाळ्यात कळले. लावणी झाली की गवतकापणी, गवतकापणी झाली की लाकडाची मोळी, आणि वर्षभर टेकडीखालच्या विहिरीचे पाणी. भिकीची लावणी दोरी धरल्यासारखी सरळ असे. लोक तिच्या हाताचे कौतुक करीत. हाताखाली कंबर असते आणि कंबरेखाली मी असतो, हे कोणाच्या लक्षात येत नसे. मी तक्रार केली नाही. हाड तक्रार करू लागले की त्याला दुखणे म्हणतात.

भिकीला एक मुलगी झाली, रविना, आणि एक मुलगा, काकड्या. काकड्या मोठा होऊन ताडी काढू लागला. एका सकाळी पाड्याच्या खालच्या अंगाने हाक आली. भिकी हातातले पीठ तसेच ठेवून धावली. बांध, ओहोळ, पुन्हा बांध. त्या दिवशी मी जितका धावलो तितका आयुष्यात धावलो नव्हतो, आणि वेळेवर पोहोचलो नाही. काकड्या ताडाखाली पडला होता. त्याचे मडके शेजारीच होते. ते फुटलेले नव्हते.

त्या धावण्यात माझ्यावर एक बारीक चीर पडली. ती कोणाला दिसली नाही. त्या दिवसापासून भिकी जेवायला बसली की रविनाला सांगे, "काकड्याला वाढ." रविना थाळी मांडी. थाळीतली भाकर गार होई. मग भिकी उठून ती भाकर अंगणात कुस्करी आणि 'तीती, तीती' करून कोंबड्यांना बोलावी. रोज. कोंबड्यांना ही रीत पाठ झाली. मलाही झाली.

तीन वर्षांत मी पुरता झिजलो. भिकीला मोठ्या दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांनी विचारले, "आजी, खुबा नवा बसवू. जुनं हाड दान देणार का? कोणाच्या तरी कामी येईल."

"घेऊन जा," भिकी म्हणाली. "मी त्याची काय भाजी करू?"

तिने अंगठा उठवला. मला काढून बशीत ठेवले. माझी आणि तिची अशी पहिलीच समोरासमोर भेट होती, पण तिचे डोळे मिटलेले होते. भूल दिलेली बाई आणि मेलेली बाई बशीतून सारखीच दिसते. मग दार लागले. तिचे पुढे काय झाले ते मला कळले नाही.

पुढचे तुम्हाला थोडक्यात सांगतो, कारण ते मलाही आठवायला नको वाटते. मला धुतले, गोठवले, सुकवले, कसल्याशा किरणांत ठेवले आणि दळले. त्या चुऱ्याच्या सात बाटल्या झाल्या. बाटलीवर नाव नसते, नंबर असतो. हाडांच्या पेढीतल्या फडताळात आमच्या रांगा होत्या. कोणी गुडघा होता, कोणी मांडी होती. चुरा झाल्यावर सगळे सारखेच पांढरे. खोली बंद असे, वारा नसे. तरी दिवसातून कधीतरी एखादी बाटली किंचित हले. तिथला माणूस मान वर न करता म्हणे, "राहा, राहा." त्याला सवय झाली असावी.

आता आगरचे अण्णा. वय अडुसष्ट, चिकूची बाग, स्वभाव ठीक. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी डाव्या बाजूच्या दोन दाढा काढल्या आणि ती जागा तशीच रिकामी ठेवली. उजवीकडून चावत राहिले. मागच्या वर्षी उजवी बाजूही गेली. भाजलेला सुका बोंबील समोर आला की अण्णा त्याच्याकडे बघत आणि डाळभात कालवत. शेवटी ते डहाणूला गेले. तिथे दर मंगळवारी डॉ. योगिता येतात. हाडात स्क्रू रोवून त्यावर दात बसवणे एवढेच त्या करतात.

डॉक्टरांनी जबड्याचा फोटो पडद्यावर लावला. "अण्णा, इथे बोनच उरलं नाहीये. नऊ वर्षं काम नाही, म्हणून झिजून गेलं. स्क्रू कशात रोवणार? आधी ग्राफ्ट घालू. हाडाचा चुरा. तो धरला की सहा महिन्यांत स्क्रू."

अण्णांनी कागदावर सही केली. सोसायटीच्या कागदांवर करतात तशी, न वाचता. मी बाटलीतून बाहेर आलो. ओलसर, कोमट अंधार होता. उधव्याची विहीर सोडली तर इतके आपलेपण मला कुठे वाटले नव्हते.

टाके पडल्यावर अण्णांना कुतूहल वाटले. अर्धा ओठ बधिर होता.

"हाद कोणाचं?"

"ह्यूमन आहे."

"म्हंजे?"

"माणसाचं. कधी मृत दात्याचं असतं, कधी ऑपरेशनमध्ये काढलेलं असतं. नाव आम्हालाही कळत नाही. सेफ असतं, काळजी करू नका."

अण्णांच्या पत्नी हिरकणीबाई बाजूच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी यातला 'मृत' एवढा शब्द उचलला आणि बाकीचे तिथेच ठेवले.

मित्रांनो, त्यांची चूक नव्हती. माणूस गेल्यावर स्मशानातून आणलेल्या अस्थी त्यांच्याकडे उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. मडके बाहेर झाडाला टांगतात, ते विसर्जनापर्यंत तिथेच राहते. हा नियम हिरकणीबाईंनी सासऱ्यांच्या वेळी पाळला होता, सासूच्या वेळी पाळला होता, आणि नवऱ्याच्या तोंडासाठी त्यात सवलत असल्याचे कोणी सांगितलेले नव्हते. गाडी आगरला पोहोचली तेव्हा त्या पुढे झाल्या आणि दारात उभ्या राहिल्या.

"तुम्ही आत यायचं नाही."

"अगं, माझं घर आहे."

"तुमचं आहे. त्या तोंडातल्याचं नाही."

"चुरा आहे गं. चिमूटभर."

"गंगेत चिमूटभरच सोडतात."

अण्णा बागायतदार होते. त्यांनी बागेतला दाखला दिला. "ही सगळी चिकूची झाडं रायणीच्या खुंटावर कलम केलेली आहेत. पाय रायणीचे, फळ चिकूचं. पन्नास वर्षं झाली. रायण कोण होती म्हणून विचारलंस कधी?"

"कलम बांधलं तेव्हा रायण जिवंत होती," हिरकणीबाई म्हणाल्या.

अण्णा पायरीवरून मागे फिरले. त्यांना झाडाला टांगता येईना, म्हणून चिकूच्या झाडाखाली बाज टाकली. ताट तिथे, तांब्या तिथे, वर्तमानपत्र तिथे. लोक विचारीत, अण्णा, बाहेर कसे? अण्णा म्हणत, हवा चांगली आहे.

हिरकणीबाईंची अट एकच होती. हाड ज्याचे आहे त्याचे नाव शोधायचे, त्याच्या नावाने तीळ, दर्भ, भात जे असेल ते करून त्याला मोकळे करायचे, मग स्क्रू. त्याआधी डॉक्टरकडे पाऊल टाकायचे नाही. इकडे डॉक्टरांनी फोनवर बजावले की, "सहा महिन्यांच्या फार पुढे नेऊ नका. त्या हाडावर भार आला नाही तर तेही झिजेल. मग मी पण काही करू शकणार नाही." म्हणजे अण्णांना बोंबील मिळायचा, घर मिळायचे, तर आधी मी कोण हे कळायला हवे होते. मला ते माहीत होते. पण मला तोंड नव्हते. मी तोंडात होतो, एवढेच.

मी काही मुद्दाम केले नाही. हाडाला मुद्दाम करता येत नाही. सवय मात्र असते.

दुसऱ्या महिन्यात अण्णांची हनुवटी डावीकडे कलू लागली. बाजेवर कसेही झोपले तरी ती वळून पूर्वेकडे, तलासरीच्या बाजूला होई. तिसऱ्या महिन्यात ते खुर्ची सोडून जमिनीवर उकिडवे बसू लागले. एवढ्या पोटाच्या माणसाला तसे बसलेले आगरमध्ये कोणी पाहिले नव्हते. सहावा महिना सरत आला तेव्हा एका संध्याकाळी भाकरीचा तुकडा हातात घेऊन ते बागेच्या कडेला गेले आणि म्हणाले, "तीती, तीती."

अण्णांच्या घरी कोंबड्या नाहीत. कुंपणापलीकडच्या तीन घरांच्या कोंबड्या एकामागून एक आल्या आणि त्यांच्या पायाशी गोल करून उभ्या राहिल्या. भाकरीला चोच लावली नाही. नुसत्या वर बघत राहिल्या. हिरकणीबाईंनी ओटीवरून हे पाहिले आणि हातातला तांब्या खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या ताट घेऊन झाडाखाली आल्या. अण्णांनी ताटाकडे पाहिले आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे बोट केले.

"काकड्याला वाढ."

आवाज अण्णांचाच होता. स्वर त्यांचा नव्हता.

"कोण काकड्या?" हिरकणीबाईंनी विचारले.

"कोण?" अण्णा म्हणाले. त्यांना आपण काही बोललो हेच ठाऊक नव्हते.

असे चार दिवस झाले. पाचव्या दिवशी चिकू तोडायला आलेली रखमी टोपली घेऊन जवळून जात होती. ती उधव्याची. तिने ते ऐकले आणि टोपली उतरवली.

"काकी, अण्णाला काकड्या कुठला ठावा?"

"तुला ठाऊक आहे?"

"आमच्या वरच्या पाड्यावर होता एक. ताडावरून पडून मेला. त्याची आई अशीच बोलायची. भिकी."

हिरकणीबाई खाली बसल्या. "ती कुठे असते आता?"

"मना काय ठाव. मोठ्या दवाखान्यात नेली होती, हाडाचं काय तरी होतं. त्याच वक्ताला मी इकडं बागेत आले. मग काय ऐकलं नाय."

हिरकणीबाईंनी दोन आणि दोन मांडले. हाडाचे दुखणे, मोठा दवाखाना, मग काही ऐकले नाही, आणि नवऱ्याच्या तोंडातून तिचे बोल. त्यांच्या लेखी भिकी गेली होती. खरे सांगायचे तर माझ्याही लेखी. बशीतून जे दिसले तेच मला माहीत होते.

दोन दिवसांनी मुलगा ऋषभ गाडी चालवायला बसला. हिरकणीबाईंच्या मांडीवर परात होती. तिच्यात तीळ, दर्भ, तांदूळ आणि केळीचे पान. रखमीने पाड्याचे नाव सांगितले होते, वाट सांगितली नव्हती. तलासरी मागे पडल्यावर ऋषभने फोनवरचा नकाशा उघडला. नकाशा गोल गोल फिरत राहिला.

"डावीकडे," अण्णा म्हणाले.

"बाबा, तुम्ही आधी आला होतात इकडे?"

"नाही."

ऋषभने डावीकडे घेतले. पुढे अण्णांनी आणखी तीन वळणे सांगितली, तिन्ही वळण दिसायच्या आधी. मी काही बोललो नव्हतो. मी फक्त कललो होतो. एका ओहोळाशी अण्णांनी गाडी थांबवायला लावली आणि पायी निघाले. बांध, ओहोळ, पुन्हा बांध. वाटेत एक ताड लागला. त्याच्याजवळ त्यांचा जबडा असा आवळला गेला की टाक्यांच्या जुन्या जागेतून रक्ताचा थेंब आला. हिरकणीबाईंनी पदराने पुसला. इतक्या महिन्यांत त्यांनी नवऱ्याला पहिल्यांदाच हात लावला होता.

पाड्यावरच्या कोंबड्या सामोऱ्या आल्या आणि अण्णांभोवती गोल करून चालू लागल्या. कुडाच्या एका घरासमोर अण्णा थांबले. मागच्या विहिरीकडून एक म्हातारी पाण्याचा हंडा घेऊन चढण चढत येत होती. चांगली भराभर येत होती. माझ्या जागी दुसरा कोणी कामाला लागलेला दिसत होता, आणि तो माझ्यापेक्षा बरा होता. मला आनंद झाला. जितका व्हायचा तितका झाला.

"कोनाकडं आलंस?" तिने विचारले.

"भिकीच्या घरच्यांना भेटायचं होतं," हिरकणीबाई म्हणाल्या.

"मीच भिकी."

परातीतल्या तिळांवर हिरकणीबाईंनी पदर ओढला. उशीर झाला होता. भिकीने पाहिले होते.

"तीळ कोनाला आनलंस?"

"तुला."

"मी अजून हाय."

"दिसतंय," हिरकणीबाई म्हणाल्या.

ऋषभ फोनकडे बघू लागला. फोनला रेंज नव्हती. मग अण्णांनीच सगळे सांगितले. भिकीने हंडा उतरवला, मान वाकडी करून ऐकले आणि शेवटी म्हणाली, "तोंड उघड."

अण्णांनी उघडले. तिने उन्हाच्या बाजूला त्यांचे डोके फिरवले आणि आत पाहिले. बशीतली भेट धरली तर ही आमची दुसरी भेट.

"एवढासाच? मी तर मूठभर दिलता. बाकीचा कुठं गेला?"

याचे उत्तर तिथे कोणाला माहीत नव्हते. मला आहे. आणखी सहा बाटल्या आहेत, सहा गावांत, सहा तोंडांत. त्या घरांत जेवणाच्या वेळी काय बोलले जाते ते मी तुम्हाला सांगणार नाही.

"दुखतो काय?" भिकीने विचारले.

"पावसाच्या आधी. चढण आली की."

"तसाच हाय तो. चढनीला चेचून जातो. वाईच थांबावा लागतो." ती अंगणात बसली. नव्या पायाने तिला मांडी घालता येत नव्हती, म्हणून पाय लांब करून. अण्णा तिच्यासमोर उकिडवे बसले. एकाच बाईचे दोन अर्धे बसावेत तसे ते दिसत होते.

"काकड्या कोण?" अण्णांनी विचारले.

पायावरून फिरणारा भिकीचा हात थांबला. "तुला कोनी सांगला?"

"कोणी नाही. जेवायला बसलं की माझ्या तोंडात येतं. त्याला वाढ म्हणून."

"वाढते काय तुझी बायको?"

अण्णांनी हिरकणीबाईंकडे पाहिले. "चार दिवसांपासून वाढतेय," हिरकणीबाई म्हणाल्या. हे अण्णांनाही माहीत नव्हते. त्या पुढे म्हणाल्या, "भीती वाटली म्हणून. झाडामागे ठेवते."

भिकीने हंडा जवळ ओढून सरळ केला. मग म्हणाली, "तरीच. मी म्हनते, हल्ली इकडं यायला त्याला उशीर का होतो."

वारा नव्हता. कोंबड्यांनी एकदम ताडाच्या बाजूला माना वळवल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. कोणीही तिकडे पाहिले नाही.

हिरकणीबाईंनी हळूच विचारले, "त्याचं काही करायचं राहिलंय का?"

"सगळा केला. भगत आनला, जेवन घातला. जेवायला येतो बोलून ताडावर चढलता, तेवढा राहिला."

हिरकणीबाईंनी परातीतले तांदूळ भिकीच्या सुपात ओतले. "याचा भात घाल त्याला. दर्भ मी परत नेते. तीळ पण."

"तीळ ठेव," भिकी म्हणाली. "चटनी होईल."

त्या संध्याकाळी आगरला गाडी थांबली तेव्हा हिरकणीबाई आधी उतरल्या आणि स्वतः बाज उचलून घरात घेऊन गेल्या. हाड जिवंत बाईचे होते. जिवंत बाईचे हाड म्हणजे अस्थी नव्हे, याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी ताटे मांडताना त्यांनी एक जास्तीचे मांडले. अण्णांनी काही म्हणायच्या आधीच.

पुढच्या मंगळवारी डॉ. योगितांनी माझ्यात स्क्रू रोवला. दुखले, पण बरे वाटले. कित्येक महिन्यांनी माझ्यावर काहीतरी उभे राहत होते. तीन महिन्यांनी वर दाढ बसली आणि अण्णांनी पहिला बोंबील भाजून घेतला. ते डावीकडून चावत होते. मी त्यांना उधव्याच्या चढणीवर भिकीला धरले होते तितकेच घट्ट धरले.

मित्रांनो, माझे सांगणे संपत आले. दात दोन वेळा घासा. पडलेल्या दाताची जागा नऊ वर्षे रिकामी ठेवू नका, काम नसलेले हाड स्वतःला खाऊन टाकते. ज्या हाडांवर तुम्ही उभे आहात त्यांची दुखायच्या आधी आठवण काढा. दवाखान्यात कोणी जुने हाड मागितले तर देऊन टाका, तुम्ही तरी त्याची काय भाजी करणार. आणि घरात कोणी जेवायला येतो म्हणून गेले असेल, तर त्याचे ताट मांडा. ते कोणाच्या तोंडून मागितले जाईल, याचा भरवसा नाही.

गेल्या मंगळवारी डॉक्टरांनी नवा फोटो काढला. घातलेला चुरा पूर्णपणे विरघळून गेला आहे आणि त्या जागी अण्णांचे स्वतःचे हाड तयार झाले आहे, असे त्यांनी फाइलवर लिहिले. म्हणजे मी तिथे नाही. साधारण आठ-दहा महिन्यांत सगळ्यांचेच असे होते, असे त्या म्हणाल्या.